‘विश्वास पानिपतात मेला’ : एका वाक्याचा प्रकरण अभ्यास

उसने पैसे मागायला आलेल्या माणसानं “माझ्यावर विश्वास नाही का?” असं विचारलं की आमच्या घरात उत्तर ठरलेलं असायचं : “विश्वास तर पानिपतात मेला.” आजोबा म्हणायचे, मग काका म्हणू लागले, आता माझ्याही तोंडून निघतं. मागणारा हसतो, देणारा हसतो आणि पैसे बहुधा दिलेही जातात. गेल्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं मध्येच विचारलं, “हा विश्वास कोण?” मी सांगितलं, पेशव्यांचा थोरला मुलगा, अठरा वर्षांचा होता, लढाईत गेला. ती म्हणाली, “मग हसताय कशाला?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. एखाद्या समाजावर मोठा आघात झाला की तो पुढच्या पिढ्यांपर्यंत कसा पोचतो, यावर बरंच लिहिलं जातं. मला त्यातला एकच तुकडा तपासायचा आहे : पानिपतचा पराभव मराठी बोलण्यात आज कुठे आणि कशा रूपात शिल्लक आहे. कोणाचं दुःख शब्दांत टिकलं आणि कोणाचं टिकलं नाही, हा या तपासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

काय घडलं होतं

लढाईची हकिगत बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि सदाशिवरावभाऊंच्या फौजेचा दिल्लीशी संबंध तुटला. पुढचे दोन-अडीच महिने मराठे पानिपतला अडकून पडले. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि छावणीत उपासमार सुरू झाली. “भुकेनं मरण्यापेक्षा लढून मरू” अशा निर्णयानं १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी, फौज बाहेर पडली. दुपारनंतर विश्वासराव पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी कत्तल झाली. बायका-मुलं बंदिवान म्हणून नेली गेली. परतीच्या वाटेवर शिखांनी अब्दालीवर हल्ले करून त्यातली काही सोडवली. जे दक्षिणेकडे पळाले त्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटानं अन्न, कपडे, औषधं दिली. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले.

महाराष्ट्रातलं एकही घर असं राहिलं नाही जिथे कोणाचा शोक नव्हता, अशा अर्थाचं इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहून ठेवलं आहे. हे वाक्य किती शब्दशः घ्यायचं हा वेगळा प्रश्न. पण पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी एक अख्खी पिढी एका दिवसात गेली, याबद्दल वाद नाही.

हिशेबाची भाषा

पराभवाची पहिली बातमी नानासाहेबांना सावकारी पत्रातून कळली, असं सांगतात. त्यातलं वाक्य शाळेत पाठच असायचं : लाख बांगडी फुटली, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे बाकी सगळे. सांकेतिक भाषा होती, पत्र भलत्याच्या हाती पडलं तर अर्थ कळू नये म्हणून.

ग्रँट डफनं १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हेच पत्र इंग्रजीत आहे. तिथे मोती आहेत, मोहरा आहेत, चांदी-तांब्याची गणती नसणंही आहे. बांगडी नाही. मराठी तोंडी परंपरेत मात्र सुरुवातच बांगडीपासून होते. मला हा फरक फार बोलका वाटतो. सावकाराच्या हिशेबात विधवांचं खातं नव्हतं. सांगणाऱ्यांनी, आणि माझा अंदाज असा की सांगणाऱ्या बायकांनी, ते पुढे कधीतरी उघडलं आणि वाक्याच्या सगळ्यात वर नेऊन ठेवलं. पुराव्यानं सिद्ध करता येईल असं हे नाही. पण वारशानं आलेल्या दुःखाचं काम असंच चालतं : मूळ कागदात जे नसतं ते आठवणीत येतं, कारण कागद लिहिणाऱ्याला ते दिसलेलं नसतं.

‘खुर्दा’ मात्र तसाच राहिला. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

संक्रांत कोसळली, पण कधी?

दर जानेवारीत फोनवर एक मजकूर फिरतो : ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतातून आला, कारण लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली. ऐकायला चपखल आहे. अडचण एवढीच की १७६१ मध्ये १४ जानेवारीला संक्रांत नव्हती.

मकरसंक्रांत सूर्याच्या निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेल्या, गतीवर ठरते, त्यामुळे इंग्रजी तारखेच्या हिशेबात ती साधारण ७०-७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पानिपतच्या तीन-चार दिवस आधीच ती होऊन गेली होती. वाक्प्रचाराचं मूळ पंचांगात आहे. संक्रांतीची देवी कशावर बसून येते, कुठून कुठे जाते, कुठे पाहते, आणि जिकडे पाहते तिकडे काय ओढवतं, त्या वर्णनात.

इथे ‘म्हणून ही दंतकथा खोटी’ असं म्हणून थांबता आलं असतं. पण आदल्याच वर्षी, १० जानेवारी १७६० ला, बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले आणि तो दिवस खरोखर संक्रांतीचा होता. “बचेंगे तो और भी लडेंगे” हे त्यांच्या तोंडी असलेलं वाक्य त्याच दिवसाचं. वर्षभराच्या अंतरानं, त्याच महिन्यात, त्याच यमुनेकाठच्या मुलखात दोन घाव बसले. आठवणीनं ते एकमेकांवर ठेवले आणि दोन्हींची एक तारीख केली, असं मला वाटतं. पुढे पंचांगाची संक्रांतही कालांतरानं सरकत १४ जानेवारीवर येऊन बसली. आता बहुतेक वर्षी तिळगुळाच्या दिवशी पराभवाचा दिवस आपोआप येतो. समाजाच्या आठवणीला तारखा अशा जुळवून लागतात.

‘गर्दी’चा अर्थ घसरला

निवडणुका आल्या की वर्तमानपत्रात मथळा येतो : ‘इच्छुकांची भाऊगर्दी’. वाचणाऱ्याला वाटतं, भाऊ-दादा-अण्णा यांची गर्दी. चुकीचं म्हणता येणार नाही, आजचा अर्थ तोच झाला आहे. पण कोशकार हा शब्द पानिपतच्या भाऊंशी जोडतात. जुन्या मराठीत ‘गर्दी’ म्हणजे नुसता जमाव नव्हता. बखरींमध्ये फौजा ‘गर्दीस मिळतात’, म्हणजे धुळीला मिळतात, नामशेष होतात. फारसीतला ‘गर्द’ म्हणजे धूळ. भाऊगर्दी म्हणजे भाऊंचा तो धूळधाणीचा काळ, ती दाणादाण. शब्दातली धूळ खाली बसली, माणसं तेवढी उरली.

‘पानिपत होणे’चंही असंच. क्रिकेटचा संघ हरला तरी त्याचं पानिपत, अमक्या पक्षाचं तमक्या जिल्ह्यात पानिपत. हे वापरताना कोणाच्या पोटात कालवाकालव होत नाही. नाणं हजार हातांतून फिरलं की त्यावरचा ठसा पुसट होतो, तसं. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली परत घेतली, पुढच्याच वर्षी बादशहा शहाआलमला तख्तावर बसवलं आणि अब्दालीचा साथीदार नजीबखानाचं पथरगड लुटलं गेलं. राजकीय अर्थानं पराभवाची भरपाई झाली होती. पण कोणी जिंकलं की ‘त्यानं दिल्ली केली’ असं आपण म्हणत नाही. हरण्याचा शब्द आहे, सावरण्याचा नाही. फौज सावरली तरी घरं सावरली नव्हती, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

न सापडलेला देह

या प्रकरणात मानसशास्त्राची सगळ्यात जास्त मदत होते ती इथे. विश्वासरावांचा देह सापडला, ओळखला गेला, दहन झालं. भाऊंचं तसं झालं नाही. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितासारख्यांच्या खटपटीनं एका शिर नसलेल्या देहाची ओळख खुणांवरून पटवली गेली. ती सगळ्यांना पटली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून जिवंत परतल्या आणि त्यांनी वैधव्य पत्करलं नाही, असं परंपरा सांगते.

पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना अशा वियोगाला नाव दिलं. मराठीत त्याला ‘अनिश्चित वियोग’ म्हणता येईल. माणूस गेला म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. शोक सुरूच होत नाही, त्यामुळे तो संपतही नाही.

आपल्या धर्मशास्त्रांनी ही अवस्था ओळखली होती. बारा वर्षं माणूस सापडला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचं दहन करण्याचा पालाशविधी आहे. शस्त्रानं मेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी आहे. तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. पण विधी करायला आधी घरानं ‘तो गेला’ हे मान्य करावं लागतं. शनिवारवाड्यात नेमकं तेच अडलं होतं.

त्या फटीतून एक माणूस आत आला. बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच सदाशिवराव’ म्हणत उभा राहिला. पकडला गेला, रत्नागिरीस कैदेत पडला, १७७६ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यालाच फितवून बाहेर आला आणि कोकणात हजारोंची फौज त्याच्या मागे उभी राहिली. लढाईला पंधरा वर्षं झाली होती. त्या फौजेतले सगळे भोळे नव्हते, कित्येकांचा स्वार्थ होता, नाना फडणविसांवरचा रागही होता. तरीही, मेलेला माणूस परत येऊ शकतो यावर विश्वास ठेवायला एक अख्खा प्रांत तयार असावा लागतो. तो होता. त्याच वर्षी तोतया पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला.

नाना फडणीस स्वतः पानिपतातून वाचलेले. तेव्हा त्यांचं वय अठरा, म्हणजे विश्वासरावांच्याच जोडीचं. त्या धामधुमीत त्यांची आई कायमची दुरावली. तोतयाची चौकशी ज्या कारभाऱ्यानं चालवली त्याच्या स्वतःच्या घरातलं माणूसही रणावरून परतलं नव्हतं, हे या कथेत सहसा सांगितलं जात नाही.

आज ‘तोतया’ शब्द रोजच्या बातम्यांत आहे : तोतया पोलीस, तोतया डॉक्टर, तोतया अधिकारी. त्यात शोक नाही. असायचं कारणही नाही.

बुणगे

आता खुर्दा.

पानिपतच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते. स्वयंपाकी, वाणी, नालबंद, भिश्ती, हमाल, नोकर, भट, सरदारांच्या आणि शिपायांच्या बायका-मुलं, आणि उत्तरेतली तीर्थं पदरात पडतील म्हणून फौजेच्या सावलीत निघालेले यात्रेकरू. या साऱ्यांना आणि त्यांच्या सामानसुमानाला मिळून शब्द होता ‘बुणगे’. तो पानिपतच्या आधीपासूनचा, फौजेच्या कारभारातला साधा शब्द. १४ तारखेला जे लढले त्यांना निदान हातात शस्त्र घेऊन मरता आलं. १५ तारखेला जे मेले त्यांच्यात बहुसंख्य हेच होते.

आज मराठीत ‘बाजारबुणगे’ ही शिवी आहे. नेत्याभोवतीचे फुकटे, कामाचे नसलेले, आयत्या बिळावरचे नागोबा. पक्षात कुरबूर झाली की एक गट दुसऱ्याला हेच म्हणतो. पानिपतची कारणमीमांसा करतानाही आपण सवयीनं म्हणतो, “बुणग्यांचं लोढणं होतं म्हणून हरलो.” डावपेचांच्या अंगानं त्यात तथ्य आहे, वेगवान फौजेला तो भार जडच होता. पण भाषेच्या अंगानं पाहिलं तर ज्यांची सर्वाधिक कत्तल झाली त्यांच्याच माथी पराभव मारून आपण मोकळे झालो.

विश्वासचा विनोद झाला, पण त्यात त्याचं नाव राहिलं. भाऊ एका शब्दात गेले, पण ‘भाऊ’ म्हणून गेले. मोत्यांची मोजदाद झाली, मोहरांची झाली. खुर्द्याची गणती नाही, असं पत्रातच लिहिलं होतं, आणि ज्यांची गणती नव्हती त्यांचं नाम पुढे सामान्यनाम झालं, मग शिवी झाली. भाषेनं ज्यांचा शोक केला त्यांची नावं सांभाळली. ज्यांचा केला नाही त्यांच्याकडे ती तुच्छतेनं पाहायला शिकली. सरदार घराण्यांकडे कागद होते, भाट होते, बखरकार होते. भिश्त्याच्या विधवेकडे यातलं काय होतं?

हा खरंच वारशानं आलेला आघात आहे का?

शंका रास्त आहे. आंतरपिढी आघात ही कल्पना वैद्यकात रुजली ती छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांमुळे. व्हिवियन रॅकॉफ या कॅनडातल्या मानसोपचारतज्ज्ञानं १९६६ मध्ये अशा मुलांबद्दल लिहिलं, तेव्हा ती दुसरी पिढी होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळाचे परिणाम तेव्हा पोटात असलेल्या बाळांच्या शरीरावर पुढे दिसले, ते अभ्यासही नावाजलेले. पण पानिपतला अडीचशेहून अधिक वर्षं झाली, दहा-एक पिढ्या. इथे जनुकांच्या गोष्टी आणणं म्हणजे हातचलाखी होईल. ‘पानिपत आपल्या रक्तात आहे’ ही भाषणातली ओळ आहे, तिथेच राहू द्यावी.

जास्त उपयोगी पडते ती वामिक वोल्कान या सायप्रसमध्ये जन्मलेल्या मानसोपचारतज्ज्ञाची ‘निवडलेला आघात’ ही कल्पना. समाज काही आघात सोडून देतो आणि एखादा आपली ओळख म्हणून उचलून धरतो. त्यांचं नेहमीचं उदाहरण सर्बियाचं : १३८९ चा कोसोवोचा पराभव सहाशे वर्षं गाण्यांतून जपला गेला, आणि १९८९ मध्ये त्याच मैदानावरून मिलोशेविचनं तो पुन्हा पेटवला. पुढे युगोस्लाव्हियात काय झालं ते जगानं पाहिलं.

मराठीनं हे टाळलं का? पूर्णपणे नाही, पण बऱ्याच अंशी. विनोदानं मदत केली असं मला वाटतं. ज्या शब्दावर हसता येतं त्यावरून तलवार उपसणं अवघड जातं. शिवाय हा आघात सगळ्या मराठी माणसांनी सारखा उचललेला नाही. अनेक दलित घरांत अठराव्या शतकाची आठवण पेशवाईच्या जाचाची आहे, आणि त्यांच्या कॅलेंडरवर जानेवारीतला दिवस १ तारखेचा आहे, कोरेगावचा. शब्द एकच असला तरी वारसदार वेगळे आणि वाटेही वेगळे.

निवड कशी होते हे महाराष्ट्राबाहेर जास्त स्पष्ट दिसतं. हरियाणात कर्नाल-पानिपत भागातल्या रोर समाजातले बरेच लोक आता आपण रणातून वाचून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज असल्याचं सांगतात. १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकापाशी मोठा मेळावा भरतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र रोरांचं नातं वायव्येकडच्या जुन्या लोकसमूहांशी जवळचं दिसलं. मला या दाव्याची टिंगल करायची नाही. एखाद्या समाजाला एका पराभवाशी नातं जोडावंसं वाटतं, हीच अभ्यासाची गोष्ट आहे. त्या नात्यातून त्यांना मान मिळतो.

याच्या उलट टोकाला बलुचिस्तानातले बुगटी मराठे. पानिपतचे बंदिवान हेच आपले पूर्वज, असं ते सांगतात. त्या टोळीत ‘मराठा’ ही ओळख बराच काळ गुलामीची खूण होती. पुण्यात जो शब्द छाती फुगवून उच्चारला जातो तो तिथे मान खाली घालून ऐकावा लागत होता. हे बहुधा बुणग्यांच्या जवळचे, पण त्यांच्यासाठी आपल्या बोलण्यात एकही वाक्प्रचार नाही. सूरजमलच्या भाकरीसाठीही नाही.

घरी परत

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला किती सांगायचं? काकांना सांगितलं. ते म्हणाले, “अरे, गंमत आहे ती. आमच्या वडलांच्या तोंडची.” मग थोडं थांबून म्हणाले, की आजोबा सर्वपित्रीला तर्पण करताना शेवटी एक ओंजळ कोणाचंच नाव न घेता सोडायचे. ज्यांच्यामागे पाणी द्यायला कोणी उरलं नाही त्यांच्यासाठी. काकांनी ते बंद केलंय. गुडघे दुखतात, आणि त्या ओंजळीचे शब्द त्यांना येत नाहीत.

दिवाळीनंतर एक शेजारी पैसे मागायला आला. “विश्वास नाही का?” काकांनी तोंड उघडलं. भाची समोरच बसून चित्र रंगवत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “किती हवेत?”